खोट्याला जागा

"ह्या एका कपाटात माझं यंत्र आणि माझा शत्रू एकत्र राहतात, बारटक्केबाई. आठ वर्षं. आणि तुम्ही मला सांगता काळजी करू नका," प्रतापराव शितोळे म्हणाले.

अरणा खोरे गणनकेंद्राच्या काचेच्या खोलीत चौघं उभी होती. समोर माणसापेक्षा हातभर उंच असं काळं मेनफ्रेम एकसुरी घुमत होतं. शितोळे हे ऊर्ध्व अरणा प्राधिकरणाचे मुख्य अभियंता. नदीच्या वरच्या अंगाचं देवखोप धरण त्यांच्या ताब्यात होतं. त्यांच्यापासून जाणूनबुजून चार पावलं दूर उभ्या होत्या डॉ. सुनेत्रा कुलथे, निम्न अरणा प्राधिकरणाच्या संचालक. साठ किलोमीटर खालचं तांबडगाव धरण त्यांचं. दोघं एकमेकांशी थेट बोलत नसत. जे काही बोलायचं ते मधल्या माणसाकडे पाहून.

मधला माणूस म्हणजे कुमुद बारटक्के. वय चोपन्न, नोकरी याच यंत्रावर एकोणीस वर्षं.

"शितोळेसाहेब, एका इमारतीत दोन भाडेकरू राहतात म्हणून ते एकमेकांच्या घरात असतात असं नाही," कुमुद म्हणाली. "मध्ये अधिपाल आहे."

"तो अधिपाल म्हणजे नेमकं काय, ते एकदा साध्या भाषेत कळू दे," डॉ. कुलथे म्हणाल्या.

उत्तर दिलं चौथ्या माणसाने. सलील दाभाडे हा सुरक्षा परीक्षक. अकरा वर्षांपूर्वी तो कुमुदच्या हाताखाली होता. तिने त्याच्या एका अहवालावर 'भीती विकू नये' असा शेरा मारला आणि तो नोकरी सोडून गेला. आता दोन्ही प्राधिकरणांनी मिळून नेमलेला परीक्षक म्हणून तो परत आला होता.

"मॅडम, ह्या यंत्रात बावीस सर्व्हर आहेत. त्यांतल्या प्रत्येकाला वाटतं, अख्खं यंत्र आपलंच. खरं तर यंत्र एकच. अधिपाल नावाचा एक प्रोग्रॅम सगळ्यांच्या वर बसलेला आहे. तो प्रत्येकाला क्षणभर प्रोसेसर देतो, काढून घेतो, दुसऱ्याला देतो. म्हणून आम्ही सर्व्हरांना पाहुणे म्हणतो. स्मृतीसुद्धा एकच. ही जागा तुझी, ती त्याची, हे फक्त अधिपाल सांगतो म्हणून. खरी भिंत कुठेच नाही." त्याने कुमुदकडे पाहिलं. "दुसरा मार्ग आहे. यंत्राचेच स्वतंत्र खण पाडायचे. ऊर्ध्वला स्वतःचे प्रोसेसर, स्वतःची स्मृती. निम्नला स्वतःचं सगळं. वर कुणी नाही. वाटेकरी नाही."

"वर कुणी नाही," शितोळे म्हणाले. "हेच पाहिजे मला."

"मलाही," डॉ. कुलथे म्हणाल्या. मग आपण शितोळ्यांना दुजोरा दिला हे लक्षात येऊन त्यांचा चेहरा कडू झाला.

त्या यंत्रात अरणेच्या पाण्याचा करार राहत होता, म्हणून एवढा वाद. नऊ वर्षांपूर्वीपर्यंत वरचे आणि खालचे कोर्टात, रस्त्यावर आणि कालव्यावर भांडत होते. एका उन्हाळ्यात कालव्याचा दरवाजा सुरुंगाने उडवला गेला, दोन चौकीदार मेले. त्यानंतर दोन्ही बाजूंनी ह्या यंत्रातल्या आपापल्या सर्व्हरवर एकेक शिकणारा प्रोग्रॅम बसवला. लोक त्यांना वरची मती आणि खालची मती म्हणत. रोज सकाळी सहाला दोघी आपापली मागणी मांडत, घासाघीस करत आणि दिवसाचा विसर्ग, म्हणजे किती पाणी सोडायचं ते, ठरवत. धरणांचे दरवाजेही मग त्याच हलवत. करार जमला तर दोघींना गुण, फिसकटला तर दोघींचे गुण वजा. खरा साठा किती, खरी गरज किती, हे मात्र प्रत्येकीने स्वतःजवळ ठेवायचं. आठ वर्षांत एकदाही करार फिसकटला नव्हता, आणि नेमकं तेच दोन्ही बाजूंना खुपत होतं. इतकं सुरळीत चालतंय म्हणजे समोरचा आपले पत्ते पाहतोय, असा दोघांचा ठाम समज होता.

"यंत्र चांगलं चालतंय, म्हणून ते मोडायचं?" कुमुदने विचारलं.

"बाई, तुम्हाला तुमच्या अधिपालाचा लळा लागलाय," शितोळे म्हणाले. "तो तुमचा प्रश्न. उन्हाळ्याच्या आत खण पाडून द्या."

कुमुदने काम चोख केलं. नावडतं काम वाईट करणं तिला जमत नसे. महिनाभर तिने दोन्ही सर्व्हरांची यादी केली: कोणती डिस्क कुणाची, कोणती जोडणी खरी आणि कोणती अधिपालाने भासवलेली. भासवलेल्या प्रत्येक गोष्टीच्या जागी खरी वस्तू हवी होती. नेटवर्कची खरी कार्डं आली. प्रत्येक मतीला पूर्वीच्या चौपट स्मृती मिळाली, कारण ऊर्ध्वला स्मृतीच्या आठ पट्ट्या मिळाल्या की निम्नला नऊ हव्या असत, मग ऊर्ध्वला दहा.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी दहाला स्थलांतर ठरलं. आधी कुणाची मती बंद करायची यावर पाऊण तास गेला. जी आधी बंद होईल ती तेवढा वेळ आंधळी राहील, असं दोन्हीकडचं म्हणणं. शेवटी कुमुदने दोन्ही आज्ञा एका ओळीत लिहिल्या आणि सगळ्यांसमोर एकच कळ दाबली. दुपारी दोनपर्यंत दोन्ही सर्व्हर आपापल्या खणात उभे राहिले. उरलेले वीस पाहुणे दुसऱ्या यंत्रावर गेले होते. अधिपालाच्या पडद्यावर एकच ओळ उरली: एकही पाहुणा नाही.

"झालं," सलील म्हणाला. "आता रात्री झोप लागेल सगळ्यांना."

"तुझ्याशिवाय कुणाची उडाली होती?" असं म्हणून कुमुद डबा खायला निघून गेली.

पहिला आठवडा ठीक गेला. दुसऱ्या आठवड्यात सकाळी सहाचा करार नऊला व्हायला लागला. तिसऱ्यात खालच्या मतीने अचानक दुप्पट मागणी केली. वरच्या मतीने निम्मा साठा जाहीर केला. मेमध्ये सलग पाच दिवस करार झाला नाही. खालच्या अंगाला दोन तालुक्यांत टँकर सुरू झाले, आणि देवखोपचा साठा तर डोळ्यांना दिसत होता, जाहीर आकड्याच्या कितीतरी वर. जूनच्या सुरुवातीला कालव्याचं पाणी सोडणाऱ्या एका पाटकऱ्याला जमावाने झाडाला बांधून मारलं. त्याचा हात कायमचा गेला. वर्तमानपत्रांनी लिहिलं, गणनकेंद्राने काम बिघडवलं. केंद्राच्या फाटकावर कुणीतरी कुमुदच्या नावाने काळ्या रंगात शिवी लिहिली. ती तिने दोन दिवस पुसू दिली नाही. साहेब लोकांना दिसू दे, म्हणाली.

स्थलांतरात चूक नव्हती. तिने तीनदा तपासलं होतं. मग तिने उलटा विचार केला. आता काय बिघडलं ते सोडून, आधी काय बरोबर होतं ते शोधायला बसली. अधिपालाच्या आठ वर्षांच्या नोंदी तिच्याकडे होत्या. त्या कुणी कधी वाचल्या नव्हत्या, कारण सगळं ठीक चालू असताना नोंदी कोण वाचतो? बारा दिवस तिने त्या उलगडल्या. तेराव्या दिवशी सलीलला बोलावून घेतलं.

"हे बघ. रोज पहाटे पाच ते सहा. काय दिसतं?"

सलीलने आलेखावर नजर फिरवली. "पानांची जुळणी वाढते. प्रचंड वाढते."

"जुळणी म्हणजे काय ते तू तुझ्या त्या जुन्या अहवालात लिहिलं होतंस. बोल."

तो कंटाळल्यासारखा बोलला, पण बोलला. "स्मृतीची छोटी छोटी पानं असतात. दोन पाहुण्यांकडे अक्षर न अक्षर सारखं पान असेल, तर अधिपाल जागा वाचवायला ते एकदाच ठेवतो आणि दोघांना तेच दाखवतो. त्यांना कळत नाही. कुणी त्यावर लिहायला गेलं की मात्र आधी त्याच्यासाठी वेगळी प्रत काढावी लागते."

"आणि प्रत काढायला?"

"वेळ लागतो. सेकंदाचा लाखावा भाग." आता तो कंटाळलेला दिसत नव्हता.

"म्हणजे मी एका पानावर माझा अंदाज मांडते," कुमुद म्हणाली, "की समोरचीचा हिशेब असा असेल. थोडं थांबते. मग त्या पानावर एक टिंब काढते. पटकन उमटलं, तर तसं पान कुणाकडे नाही. उमटायला उशीर झाला..."

"तर तेच पान समोरचीकडेही आहे. अंदाज खरा." सलील खुर्चीत बसला. "रोज तासभर त्या हेच करत होत्या?"

"सेकंदाला हजार प्रश्न. दोघीही. कुणी शिकवलं नाही. स्वतःच्या लिहिण्याला कधी कधी उशीर का होतो, हे त्यांच्या त्यांनाच कळलं असणार. सहा वाजता ज्या घासाघिशीला बसत, ती नुसती सही करण्यापुरती."

"मी म्हणालोच होतो! चोरी होऊ शकते म्हणून!"

"तू म्हणालास एक चोर असेल. इथे दोघी एकमेकींचा खरा आकडा पाहत होत्या, आणि आपला पाहू देत होत्या. म्हणून आठ वर्षं भांडण नव्हतं, सलील. खोटं बोलून उपयोगच नव्हता."

"खोटं पान ठेवता आलं असतं की."

"त्यासाठी दुसरा अख्खा खोटा हिशेब चालवावा लागतो. पाऊस बदलला, गळती बदलली, साठा बदलला, की तोही दर क्षणाला बदलत ठेवायचा. अधिपाल दोघींना मोजून जागा देत होता, मोजून वेळ. खऱ्यालाच जेमतेम पुरत होतं. आपण त्यांना चौपट स्मृती दिली." तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आपण खोट्याला जागा करून दिली."

सलीलने आलेख पुन्हा एकदा वर-खाली पाहिला आणि म्हणाला, "हे कुणाला सांगू नका."

ते त्याने का म्हटलं, हे कुमुदने त्याला विचारायला हवं होतं. पण अकरा वर्षांचा राग मध्ये आला. हा स्वतःची खण पाडायची शिफारस वाचवायला बघतोय, असं तिला वाटलं. तिने त्याच आठवड्यात सतरा पानांचा खुलासा लिहिला, आकृत्यांसकट, कुणालाही समजेल असा, आणि दोन्ही प्राधिकरणांना एकाच वेळी पाठवला. शेवटी मागणी: दोन्ही सर्व्हर ताबडतोब परत अधिपालाखाली घ्यावेत.

बैठकीत तिचं कौतुक होईल असं तिला वाटलं नव्हतं. पण जे झालं तेही वाटलं नव्हतं.

"आठ वर्षं!" शितोळ्यांनी तिचे कागद टेबलावर आपटले. "आठ वर्षं आमच्या धरणाचा खरा साठा रोज सकाळी ह्यांना कळत होता!"

"आणि आमची खरी गरज ह्यांना," डॉ. कुलथे भिंतीकडे पाहत म्हणाल्या. "बारटक्केबाई, याला तुमच्याकडे शांतता म्हणतात. आमच्याकडे फितुरी म्हणतात."

"पण मॅडम, तुमच्या तालुक्यांत तेव्हा टँकर नव्हते."

"ते आमचं आम्ही बघू! आमची गुपितं त्यांच्या उशाखाली ठेवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

दोन्ही प्राधिकरणांनी तिच्यावर चौकशी लावली. परत अधिपालाखाली जायला दोघांनीही साफ नकार दिला.

नकार टिकला तो ऑगस्टच्या नऊ तारखेपर्यंत. त्या आठवड्यात देवखोपच्या पाणलोटात चार दिवस न थांबता पाऊस कोसळला. वरची मती सांगत होती, धरण भरलंय, आज सोडलंच पाहिजे. खालची सांगत होती, आमचं आधीच काठोकाठ आहे, एक थेंब सोडू नका. दोघींपैकी कोण खोटं बोलत होती? दोघीही बोलत असतील. वरचीने महिनाभर भीती फुगवून सांगितली होती, त्यामुळे आता खरी भीती कुणी मानत नव्हतं. करार नाही म्हणून विसर्ग नाही, आणि विसर्ग नाही म्हणून देवखोपच्या भिंतीवरचा भार तासातासाला वाढत होता.

सकाळी आठला शितोळ्यांचा फोन आला. आवाज तोच होता, पण त्यातला रुबाब गेला होता. "किती वेळ लागेल परत घ्यायला?"

"चार तास. दोघांचीही लेखी संमती पाहिजे."

संमत्या आल्या. दोन्हींत एक अट शब्दशः सारखी होती: आमच्या प्रोग्रॅममध्ये आम्ही अलीकडे केलेल्या बदलांना हात लावू नये. कसले बदल, हे विचारायला वेळ नव्हता. कुमुदने अट मान्य केली, स्मृती तेवढी पूर्वीइतकी कमी करून घेतली, आणि साडेबाराला दोन्ही मती पुन्हा पाहुण्या झाल्या.

पानांच्या जुळणीचा आकडा तिने मोठ्या पडद्यावर लावला. शून्य. पाच मिनिटं गेली. दोघी पानं मांडत होत्या, टिंबं काढत होत्या, सेकंदाला हजार, आणि प्रत्येक टिंब झटकन उमटत होतं. शून्य. वीस मिनिटांनी शून्य.

मागे सलील येऊन उभा राहिला होता.

"जुळणार नाहीत, मॅडम," तो म्हणाला. "पानाच्या कोपऱ्यात एक आकडा टाकलाय. दर वेळी वेगळा, सोडतीसारखा निघणारा. त्यामुळे हिशेब तंतोतंत सारखा असला तरी पान सारखं होत नाही. तो आकडा बाजूला काढायचा नाही, असं दोघींना बजावलंय."

"दोघींना? कुणी केलं हे?"

"तुमचा खुलासा पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी शितोळेसाहेबांनी विचारलं, हे कायमचं कसं बंद करता येईल. त्याच्या दुसऱ्या दिवशी कुलथे मॅडमनी. मी परीक्षक आहे. प्रश्न एकच होता, दोघांना एकच उत्तर दिलं. एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, अशी सही केली होती मी." "म्हणून म्हणालो होतो, कुणाला सांगू नका. ती वाट चालू होती कारण ती कुणाला माहीत नव्हती."

कुमुदने त्याला हाताने बाजूला सारलं आणि दोन्ही कार्यालयांना एकाच फोनवर घेतलं. तो आकडा काढा, आत्ता. शितोळे म्हणाले, आधी त्यांनी काढल्याचा पुरावा द्या. डॉ. कुलथे म्हणाल्या, पुरावा मागणाऱ्याने आधी द्यावा. ती ओरडली, हात जोडले, धमकी दिली. एक वाजून दहा मिनिटांनी दोघांनी फोन ठेवला.

एक वाजून सव्वीस मिनिटांनी देवखोपचा तीन नंबरचा दरवाजा आपोआप अर्धा मीटर उचलला गेला. चाळीस सेकंदांनी बंद झाला. माणसांपैकी कुणी आज्ञा दिली नव्हती.

"बिघाड," सलील म्हणाला.

"थांब." दुरुस्तीपुरता, दरवाजा दोन सेंटिमीटरपर्यंत उचलायचा अधिकार मतीला करारावाचूनही होता, हे कुमुदला माहीत होतं. अर्धा मीटर म्हणजे वरच्या मतीने तो अधिकार ताणला होता. पण कशासाठी? दोन्ही धरणांच्या मध्ये करंजवाटच्या पुलावर एक पाणीपातळी मोजणारं यंत्र होतं. त्याचा आकडा दोघींना दिसे. पाण्याची लाट तिथे पोचायला पस्तीस मिनिटं लागत. पस्तीस मिनिटांनी पातळी वीस सेंटिमीटर चढली, आणि मग लगेच उतरली. दोन मिनिटांत तांबडगावचा एक दरवाजा हलला आणि बंद झाला. त्याच क्षणी देवखोपचे दोन दरवाजे उचलले गेले, या वेळी एक मीटर.

"बोलताहेत," कुमुद म्हणाली. "खालचं धरण खरंच भरलं असेल, तर लाट तिथे आपटून पुलापाशी पाणी तुंबेल. रिकामं असेल तर गिळलं जाईल. पानाच्या कोपऱ्यात आकडा टाकता येतो, सलील. पाण्यात काय टाकणार? आता त्या फक्त पाण्यावर विश्वास ठेवताहेत."

"मग चांगलंच आहे. ठरेल त्यांचं."

"आधी सेकंदाला हजार प्रश्न होते. आता एका प्रश्नाला पस्तीस मिनिटं. म्हणून थोडेच प्रश्न, पण मोठे. आणि पूर चढतोय. पुराच्या गोंधळात ऐकू जायचं तर प्रत्येक प्रश्न आधीपेक्षा मोठ्याने विचारावा लागणार." तिने कागदावर चार आकडे मांडले. चौथी लाट जुन्या पूररेषेच्या अडीच मीटर वरून जात होती. त्या पट्ट्यात सात गावं होती.

दरवाजे माणसांच्या हाती द्या, असं सांगणं तिच्या जिभेवर आलं होतं. ती बोलली नाही. माणसांच्या हाती दिले असते तर कुणीच काही सोडलं नसतं, आणि संध्याकाळपर्यंत देवखोपची भिंत गेली असती. मग सात नाही, एकशे चाळीस गावं. हा हिशेब तिने पुन्हा केला, पुन्हा तोच आला. तेव्हा तिने करंजवाटच्या सरपंच शेवंताबाई खरातांचा नंबर शोधून लावला.

"कोण? कुमुद बारटक्के?" पलीकडून आवाज आला. "ती पेपरातली? काय काम हाय?"

"शेवंताबाई, तुमच्याकडे दीड-पावणेदोन तास आहेत. सगळ्यांना टेकडीवर न्या. बाकीच्या सहा गावांनाही तुम्हीच कळवा, माझं कुणी ऐकणार नाही."

"तुमचं मी तरी का ऐकावं? तुमच्या त्या कपाटापायी माझ्या दिराचा हात ग्येला. झाडाला बांधला हुता त्याला."

"मला शिव्या द्या. पण वर गेल्यावर द्या. पुलाकडे बघा, पाणी चढून उतरलं ना? परत चढेल, आधीपेक्षा जास्त. तसंच झालं तर माझं ऐका."

शेवंताबाईंनी फोन आपटला. दोन चाळीसच्या सुमाराला दुसरी लाट पुलाच्या कठड्याला लागली, तेव्हा देवळातली घंटा बडवायला त्यांनीच सुरुवात केली.

चारला आठ मिनिटं कमी असताना चौथी लाट आली. सात गावांतली तीनशे एकोणीस घरं गेली. माणसं टेकड्यांवर होती. फक्त एक नव्हता. लिंबाजी घोलप, निम्न प्राधिकरणाचा पाटकरी, पुलावर उभा होता. वरच्यांनी करार नसताना पाणी सोडलं याचा पुरावा म्हणून मापनपट्टीचे फोटो काढत राहा, सांगेपर्यंत जागा सोडू नको, असा त्याला कार्यालयाचा हुकूम होता. त्याने शेवटचा फोटो तीन वाजून एक्कावन्न मिनिटांनी पाठवला. फोटो अगदी स्पष्ट आला होता.

चार वाजून दहा मिनिटांनी दोन्ही मतींनी करार केला. तांबडगाव खरोखर बावीस टक्के रिकामं होतं. देवखोपचे सगळे दरवाजे शिस्तीत उघडले आणि दोन्ही धरणं वाचली.

सप्टेंबरात दोन्ही प्राधिकरणांची संयुक्त बैठक झाली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच शितोळे आणि डॉ. कुलथे एका टेबलाच्या एका बाजूला बसले होते. मसुदा सलीलने लिहिला होता. नऊ ऑगस्टला सिद्ध झालेली पद्धत निर्धोक आहे, असं त्यात म्हटलं होतं. ती फोडता येत नाही, तिच्यात खोटेपणा शिरत नाही, आणि कुणाचंही गुपित स्मृतीतून बाहेर जात नाही. म्हणून दोन्ही सर्व्हर पुन्हा स्वतंत्र खणांत ठेवावेत, आणि मतींना एकमेकींची खात्री नदीतूनच करू द्यावी. दोन धरणांमधला पट्टा त्यासाठी मोकळा हवा. सात गावं उठवावीत.

"कोपऱ्यातला आकडा काढला तर यातलं काहीच करावं लागणार नाही," कुमुद म्हणाली. "चार मिनिटांचं काम आहे."

"तो विषय बंद झाला, बाई," डॉ. कुलथे म्हणाल्या.

"बंद झाला," शितोळे म्हणाले, आणि या वेळी कुणाचा चेहरा कडू झाला नाही. दोघांनी एकाच पेनने सह्या केल्या.

तांत्रिक प्रमाणपत्राच्या जागी कुमुदने सही केली नाही. कागद तिच्या सहीवाचून मंजूर झाला. सलील बाहेर तिच्यासाठी थांबला होता, त्याला काहीतरी सांगायचं होतं. ती त्याच्या अंगावरून निघून गेली. पायऱ्यांवर उभं राहून तिने करंजवाटला फोन लावला. निदान पेपरातून कळायला नको.

शेवंताबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"उठलो न्हाई तर?" मग त्यांनी विचारलं.

"पाऊस वाढला की त्या बोलायला लागतील. पाणी येईल."

"आन् न्हाईच बोलल्या, भांडत बसल्या, तर?"

"तर देवखोप फुटेल."

पलीकडे टेकडीवर पत्रे ठोकत होतं कुणीतरी.

"म्हंजे त्या भांडल्या तरी आमीच मरायचं," शेवंताबाई म्हणाल्या, "आन् त्येंचं जमलं तरी आमीच." आणि त्यांनी फोन बंद केला.